हिवाळ्यात गीझरचं पाणी पुरत नाही, कटआउट उडतो, बिल वाढतं: थर्मोस्टॅटला हात लावण्याआधी काय तपासायचं

नाशिक असो, पुणे असो की विदर्भ, थंडी पडली की विजेच्या गीझरच्या तीन तक्रारी ठरलेल्या. परवापर्यंत एका टाकीत दोघांच्या आंघोळी होत होत्या, आता दुसऱ्याच्या वाट्याला गार पाणी येतं. पाणी फार तापलं तर वीज तोडणारा कटआउट उडून गीझर मध्येच बंद पडतो आणि झाकण उघडून बटण दाबल्याशिवाय चालू होत नाही. शिवाय महिन्याचं बिल वाढतं. बहुतेक घरांत या तिन्हींवर एकच उपाय होतो: पाणी ठरावीक तापलं की वीज तोडणाऱ्या थर्मोस्टॅटची चावी शेवटपर्यंत फिरवायची. बरेचदा बिचारा थर्मोस्टॅट ठणठणीत असतो. चावी पुढे नेल्याने खरं कारण झाकलं जातं, कॉइलवर क्षार जास्त वेगाने बसतो आणि नळातून भाजेल असं कढत पाणी येतं. म्हणून चावीची पाळी सगळ्यात शेवटी.

पुढची माहिती भिंतीवर उभ्या बसवलेल्या, 10 ते 25 लिटरच्या, 2 किलोवॉट कॉइलच्या साठवणीच्या गीझरची आहे. गॅस गीझरचे प्रश्न आणि धोके वेगळे आहेत, ते इथे घेतलेले नाहीत.

पाणी पुरत नाही

बिघाड शोधण्याआधी थोडं गणित करायला हवं, कारण निम्म्या वेळा बिघाड नसतोच.

गीझरमध्ये 15 लिटर पाणी 60 अंशांना आहे आणि आंघोळीला आपल्याला 40 अंशांचं लागतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी 26 अंशांचं असेल, तर विसण घालून त्या 15 लिटरचं साधारण 36 लिटर पाणी होतं, म्हणजे दोन बादल्या. जानेवारीत पहाटे त्याच टाकीतलं पाणी 16 अंशांवर आलेलं असतं. विसणच इतकं गार की तेच 15 लिटर फक्त 27 लिटरला पुरतं, म्हणजे जेमतेम दीड बादली. प्रत्यक्षात हातात याहून थोडं कमीच येतं, कारण वरून गरम पाणी निघत असतानाच खालून गार पाणी आत शिरून मिसळत असतं. गीझर तोच, चावी तिथेच, तरी पाव भाग पाणी कमी. मिनिटाला 8-9 लिटर पाणी सोडणारा शॉवर असेल, तर हे 27 लिटर तीन मिनिटांत संपतं.

वेळेचंही तसंच. 15 लिटर पाणी 26 वरून 60 वर न्यायला 2 किलोवॉटच्या कॉइलला 18 मिनिटं लागतात, 16 वरून 60 वर न्यायला 23. वर्षभर पंधरा-वीस मिनिटांची सवय असेल, तर हिवाळ्यात गीझर पूर्ण तापण्याआधीच नळ सोडला जातो. 25 लिटरच्या टाकीला अशा वेळी 38 मिनिटं लागतात. स्वयंपाकघरातल्या 3 लिटरच्या, 3 किलोवॉटच्या इन्स्टंट गीझरमधून 16 अंशांचं पाणी सलग 40 अंशांना हवं असेल, तर धार मिनिटाला 1.8 लिटरहून मोठी ठेवता येत नाही. धार मोठी केली की पाणी कोमट येणारच, त्यात गीझरचा दोष नाही.

इथे एक फुकटचा उपाय आहे आणि तो फार कमी सोसायट्या वापरतात. गच्चीवरची टाकी रात्रभर उघड्या आभाळाखाली गार होते. जमिनीखालची टाकी त्या मानाने ऊबदार राहते आणि बोअरचं ताजं पाणी तर थंडीत हाताला कोमट लागतं. पंप रात्री दहाला चालवून टाकी भरून ठेवण्याऐवजी पहाटे साडेपाचला चालवला, तर गीझरमध्ये शिरणारं पाणी काही अंशांनी जास्त गरम असतं. तेवढ्यानेही विसणाचं गणित बदलतं. टाकीचं झाकण नीट बसलेलं हवं, हे वेगळं सांगायला नको.

गणितापेक्षाही फारच कमी गरम पाणी येत असेल, तर पहिला संशय मिक्सरवर घ्यायचा. भिंतीतल्या मिक्सरचं कार्ट्रिज, म्हणजे गार-गरम पाणी मिसळणारा आतला भाग, झिजलं, किंवा गार-गरम दोन्ही कॉक उघडे ठेवून पुढचा हँडशॉवर बंद केला, की गार पाणी गरम लाइनमध्ये शिरतं. तपासणी सोपी आहे. गीझरचा वीजपुरवठा बंद करायचा, गीझरच्या इनलेटचा, म्हणजे गार पाणी आत येण्याच्या तोंडाचा, अँगल कॉक पूर्ण बंद करायचा आणि फक्त गरम पाण्याचा नळ उघडायचा. थोडं पाणी येऊन धार थांबली पाहिजे. धार चालूच राहिली, तर घरात कुठेतरी गार लाइन गरम लाइनला मिळाली आहे. एका बाथरूमच्या गीझरवर दुसऱ्या बाथरूमचा नळ जोडलेला असेल, तर तिथलाही मिक्सर तपासायचा.

दुसरं, जरा विरळ कारण टाकीच्या आत असतं. गरम पाण्याची नळी आतून टाकीच्या वरच्या टोकापर्यंत गेलेली असते. ती कुजून खालीच तुटली, तर वरचं गरम पाणी तसंच राहतं आणि नळाला खालचं गार पाणी येतं. लाल दिवा विझलेला, टाकी तापलेली, तरी पहिल्या मगापासून कोमट पाणी, आणि वरची कॉकची तपासणी निर्दोष, अशी सगळी लक्षणं जुळली तर हीच नळी.

कॉइल पूर्ण ताकदीने चालते का

यासाठी इलेक्ट्रिशियन लागत नाही, मीटर पुरतं. घराच्या डिजिटल मीटरवर एक लहान दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुक तो आकडा छापलेला असतो, समजा 3200. फ्रिजसकट बाकी सगळं बंद करून फक्त गीझर चालू करायचा. मोबाइलवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढून लुकलुक मोजायची. 3200 च्या मीटरवर 2 किलोवॉट कॉइलची मिनिटाला साधारण 107 लुकलुक होते. दुसरा आकडा असेल तर हिशोब असा: लुकलुक गुणिले 60, भागिले मीटरवरचा आकडा, आलं उत्तर किलोवॉटमध्ये.

उत्तर 1.5 आलं म्हणजे कॉइल खराब, असं लगेच ठरवायचं नाही. व्होल्टेज पाहायचं. 230 व्होल्टला 2000 वॉट देणारी कॉइल 200 व्होल्टला जेमतेम 1500 वॉट देते आणि 180 ला 1225. मघाच्या 23 मिनिटांची 200 व्होल्टला 30 मिनिटं होतात, 180 ला 37. सकाळी सहा ते आठ सगळ्या गल्लीचे गीझर एकदम चालू असतात, तेव्हा लाइनच्या टोकाच्या घरात हे नेहमीच घडतं. बिल यामुळे वाढत नाही, फक्त वेळ लागतो. गीझर पावणेसहाला लावला तर प्रश्न उरत नाही.

व्होल्टेज ठीक आहे, लाल दिवा लागला आहे, पण मीटरची लुकलुक वाढलेलीच नाही, याचा अर्थ कॉइल आतून तुटली. दिवाही लागत नसेल, तर थर्मोस्टॅट, कटआउट किंवा त्याआधीची वायर. मल्टिमीटर असल्यास पुरवठा बंद करून, कॉइलच्या दोन्ही वायरी सोडवून टोकं मोजायची: 2 किलोवॉटला 26 ओहमच्या आसपास, 3 किलोवॉटला साडेसतरा.

क्षाराचा थर

बोअरचं किंवा टँकरचं पाणी असलेल्या घरांत निम्म्या तक्रारींचं मूळ इथे सापडतं, पण लोक समजतात तसं नाही. क्षारामुळे बिल वाढतं, असं सर्रास सांगितलं जातं. कॉइल पाण्यात बुडालेली आहे, तिची उष्णता पाण्याशिवाय जाणार कुठे? थर बसला तरी वीज तेवढीच लागते. नुकसान होतं ते कॉइलचं. उष्णता थरातून बाहेर यायला वेळ लागतो, म्हणून कॉइलचं आवरण फार तापतं आणि एक दिवस तडकतं.

थर्मोस्टॅटचंही डोकं त्यामुळेच फिरतं. त्याचा दांडा कॉइलशेजारच्या नळीत बसलेला असतो. कॉइल आणि ही नळी क्षाराच्या एकाच ढेपेत अडकली, की दांड्याला पाण्याऐवजी कॉइलची धग लागते आणि तो वेळेआधीच तोडतो. सात-आठ मिनिटांत दिवा विझतो आणि पाणी मात्र कोमट, ते यामुळे. चावी पुढे नेली की दोन-तीन महिने निभावतं, कारण दांडा थोडी जास्त धग सहन करतो. तोवर ढेप आणखी जाड झालेली असते. उलटा प्रकारही होतो: नुसत्या नळीवर जाड थर बसला की दांड्याला उशिरा कळतं आणि पाणी उकळायला टेकतं. गीझर चालू असताना आतून खळखळ किंवा तडतड ऐकू येऊ लागली, की उघडायची वेळ झाली.

साफ करायला घेताना एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा, विजेच्या बोर्डावरचा खटका) पाडायचा, नुसता स्विच नाही. झाकण काढल्यावर टेस्टरने खात्री करायची. मग इनलेट कॉक बंद, गरम नळ उघडा. गरम नळ उघडला नाही तर आत हवा जात नाही आणि टाकी रिकामी होत नाही. इनलेटचा पाइप सोडवून सगळं पाणी बादलीत घ्यायचं. पाणी आधी थंड होऊ द्यायचं, घाई नको. वायरी सोडवण्याआधी फोटो काढून ठेवायचा.

थर्मोस्टॅट ओढून काढला, की फ्लँजचे, म्हणजे कॉइल ज्यावर बसवलेली असते त्या झाकणाचे, नट उघडायचे. बहुतेक ठिकाणी 10 किंवा 13 नंबरचा पाना लागतो. फ्लँज उतरवताना खाली टब ठेवायचा, कारण कॉइलबरोबर चुनखडीसारखे पापुद्रे आणि गाळ भसकन खाली येतो. त्याच फ्लँजवर मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड असतो. टाकीऐवजी स्वतः झिजणं हेच त्याचं काम. रॉड मूळ जाडीच्या निम्म्यावर आला असेल किंवा आतली तार दिसत असेल, तर नवा घालायचा. तो पाच वर्षं कुणी पाहिलाच नाही, तर गंज टाकीला धरतो, आणि गळकी टाकी दुरुस्त होत नाही.

अॅनोड काढून बाजूला ठेवूनच कॉइल भिजवायची, नाहीतर अॅसिड त्यालाच खातं. 3 लिटर गरम पाण्यात 150 ग्रॅम सायट्रिक अॅसिड पुरतं. किराणा दुकानात हेच लिंबूसत्व म्हणून मिळतं. वायरी जोडायची टोकं बाहेर ठेवून कॉइल दोन-तीन तास त्यात ठेवायची. फसफसणं थांबलं आणि थर राहिला असेल, तर नवं पाणी करायचं. उरलेला थर लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने काढायचा. संडास-बाथरूम धुवायचं तीव्र अॅसिड कॉइललाही लावायचं नाही आणि टाकीत तर मुळीच ओतायचं नाही. टाकीच्या आत काचेचं अस्तर असेल तर स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं की तिथूनच गंज सुरू होतो. हाताने आणि पाण्याच्या धारेने जेवढा गाळ निघेल तेवढा पुरे. इनलेटच्या तोंडाशी अडकलेले खडे मात्र जरूर काढायचे, धार बारीक होते ती त्यांनीच.

बसवताना गास्केट नवंच वापरायचं. जुनं चांगलं दिसलं तरी ते दबून कडक झालेलं असतं, आणि तिथून झिरपलेलं पाणी थेट वायरींवर पडतं. नट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळायचे. थर्मोस्टॅटचा दांडा नळीत पूर्ण आत गेला पाहिजे, अर्धवट राहिला तर पाणी गरजेपेक्षा जास्त तापेल. आता सगळ्यात महत्त्वाचं: वीज देण्याआधी टाकी भरायची. इनलेट उघडून गरम नळातून हवेचे फटकारे थांबेपर्यंत आणि अखंड धार येईपर्यंत थांबायचं, दहा मिनिटं फ्लँजभोवती कोरडा कागद फिरवून पाहायचं, आणि मगच एमसीबी चढवायचा. रिकाम्या टाकीत कॉइल काही मिनिटांत जळू शकते.

कटआउट पुन्हा पुन्हा उडतो

थर्मोस्टॅट रोजचं काम करतो, कटआउट शेवटचा राखणदार. थर्मोस्टॅटने तोडायला हवं तिथे तोडलं नाही आणि पाणी उकळीकडे निघालं, की त्याने उडायचं असतं. काही गीझरमध्ये तो आपोआप जोडला जातो, काहींत झाकणाखालचं छोटं बटण दाबावं लागतं. एकदा उडाला तर बटण दाबून पाहायला हरकत नाही, एमसीबी बंद करून. आठवड्यात दुसऱ्यांदा उडाला, तर बटण हे उत्तर नाही.

पाणी फार कढत होतं आणि 15 लिटरच्या गीझरचा दिवा पूर्ण व्होल्टेजला पाऊण तासानंतरही विझत नसेल, तर थर्मोस्टॅटचे कॉन्टॅक्ट चिकटले आहेत. तो दुरुस्त करत बसायचा नाही, त्याच लांबीचा आणि त्याच अँपिअरचा नवा घालायचा. पाणी फारसं तापलेलं नसतानाच कटआउट उडत असेल, तर टर्मिनल पाहायची. सैल स्क्रूपाशी वायर काळी पडते, प्लास्टिक वितळलेलं असतं आणि त्या धगीनेच कटआउट तुटतो. जळकं टोक कापून नवा लग (वायरीच्या टोकावरचा धातूचा तुकडा) दाबून बसवायचा. टाकीत पाणी नसताना गीझर चालू झाला असेल तरीही तो उडतो. पहाटे गच्चीवरची टाकी रिकामी होणाऱ्या इमारतींत हे कारण आधी पाहावं.

काही ठिकाणी यावर कटआउट ‘डायरेक्ट’ करून दिला जातो, म्हणजे दोन वायरी सरळ जोडून टाकतात. गीझर चालू होतो आणि तक्रार संपते. त्यानंतर थर्मोस्टॅट चिकटला तर थांबवणारं कुणी उरत नाही: पाणी उकळत राहतं, दाब वाढतो आणि दाब सोडणारा व्हॉल्व्ह जाम असेल तर टाकी फुटते. असं केलेलं आढळलं, तर कटआउट नवा बसेपर्यंत तो गीझर चालू करू नका. हे कळकळीचं सांगणं आहे.

याच संदर्भात इनलेटवरचा मल्टिफंक्शन व्हॉल्व्ह. गीझर तापताना तो थेंब थेंब गळतो आणि लोक त्याला बूच मारतात. 15 लिटर पाणी 16 वरून 60 अंशांवर गेलं की ते फुगून सुमारे पाव लिटर जास्त होतं. व्हॉल्व्ह पाणी मागे जाऊ देत नाही, म्हणून ते जादा पाणी तिथूनच बाहेर पडतं. तापताना कपभर गळणं म्हणजे व्हॉल्व्ह जिवंत असल्याची खूण आहे. त्याच्या तोंडाला बारीक नळी लावून ती मोरीत सोडायची, पण बंद कधीच करायची नाही. गीझर बंद असतानाही धार लागत असेल, तर मात्र आत खडा अडकला आहे किंवा इमारतीचा दाब गीझरच्या मर्यादेपलीकडे आहे. व्हॉल्व्हला खटका असेल तर महिन्यातून एकदा उचलून सोडायचा, म्हणजे क्षाराने तो जाम होत नाही.

एमसीबी किंवा आरसीसीबी पडतो

कोणता पडतो आणि किती वेळाने, यावरून बरंच कळतं. स्विच टाकताक्षणी आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा खटका) पडला, तर कॉइलचं आवरण फुटून करंट पाण्यात आणि अर्थिंगला जातोय. पाच-दहा मिनिटांनी पडत असेल, तर बारीक तडा तापल्यावर उघडतोय. दोन्हीचा शेवट नव्या कॉइलमध्ये होतो. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी सारखा पडतो म्हणून तो काढून टाकणं म्हणजे बाथरूममध्ये उघडा करंट सोडणं.

अर्ध्या तासाने 16 अँपिअरचा एमसीबी पडत असेल, तर लोड फार नाही, 2 किलोवॉटला पावणेनऊ अँपिअरच लागतात. त्याच एमसीबीवर वॉशिंग मशीन किंवा इस्त्री जोडलेली आहे का ते पाहायचं. नसेल तर एमसीबीचा किंवा सॉकेटचा स्क्रू सैल आहे. प्लग हाताला गरम लागतो का, सॉकेट पिवळं पडलंय का, हे पाहिलं की कळतं. गीझरला 16 अँपिअरचं सॉकेट आणि 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी.

आता चावी, आणि बिल

चावीवर आकडे नसतात, असले तरी विश्वासाचे नसतात. दिवा विझल्याबरोबर गरम नळ सोडायचा, पाइपमधलं पहिलं लिटरभर पाणी जाऊ द्यायचं आणि स्वयंपाकघरातल्या थर्मामीटरने मगातलं पाणी मोजायचं. हिवाळ्यात 60 अंश पुरतात. पाणी 60 ला आलं की चावीवर मार्करने रेघ मारून ठेवायची. 60 अंशांच्या पाण्याने पाच सेकंदांत खोल भाजतं, 50 ला त्यालाच काही मिनिटं लागतात. म्हणून घरात लहान मूल किंवा वृद्ध माणूस असेल, तर बादलीत आधी गार पाणी आणि त्यावर कढत, हाच क्रम ठेवावा. महिनाभर घर बंद होतं, तर पहिल्या दिवशी टाकी 60 पर्यंत तापवून थोडं पाणी सोडून द्यावं, साचलेल्या कोमट पाण्यात जिवाणू वाढतात.

चौघांना रोज 25-25 लिटर, म्हणजे 40 अंशांचं 100 लिटर पाणी लागलं, तर 16 अंशांच्या पाण्यापासून ते करायला रोज 2.8 युनिट जातात, महिन्याला 84. पाणी 26 अंशांचं असताना हेच 49. हे 35 युनिट कोणत्याही सेटिंगने वाचत नाहीत, थंडीचा तो खर्चच आहे. महावितरणच्या घरगुती दरांत 100, 300 आणि 500 युनिटला पायऱ्या आहेत. एरवी 280 युनिटवर थांबणारं घर हिवाळ्यात 300 ओलांडतं, आणि वरच्या युनिटना पुढच्या पायरीचा दर लागतो. सगळ्याच युनिटना नाही, हा गैरसमज काढून टाकावा.

वाचतं ते इतरत्र. गीझर दिवसभर चालू ठेवला, तर टाकीची उष्णता झिरपत राहते. वीज बंद करून, पाणी न वापरता बारा तासांनी पाणी मोजायचं. 60 चं 45 झालं असेल तर 15 लिटरच्या टाकीतून पाव युनिटहून थोडं जास्त गेलं, म्हणजे दिवसाला अर्धं आणि महिन्याला पंधराएक युनिट. गीझरवरचे स्टार नेमके याच झिरपण्याचे असतात, पाणी तापवण्याचे नाहीत. आंघोळीआधी पाऊण तास लावून नंतर बंद करणाऱ्या घराला पाच स्टारचा फारसा फायदा होत नाही, विसरभोळ्या घराला होतो. शिवाय अर्ध्या इंचाच्या पाइपात एक मीटर लांबीमागे साधारण 125 मिली पाणी मावतं. गीझर नळापासून 10 मीटर लांब असेल, तर दर खेपेला सव्वा लिटर गरम पाणी पाइपातच गार होतं. म्हणून आंघोळी एकापाठोपाठ उरकल्या तर ते एकदाच जातं.